पालकांचा नकार

आमच्या रुग्णालयात आलेला माणूस बरा होईलच असं सांगता येत नाही, टक्के मात्र हमखास सुधारतात. गेल्या महिन्यातल्या बैठकीत उपअधीक्षकांनी पडद्यावर एक आकडा दाखवला, फेरतपासणीला आलेली मुलं पंच्याण्णव पूर्णांक सहा दशांश टक्के, आणि आम्ही बाराजणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता मनात आलं, एवढी मुलं परत तपासायला आली असतील, तर ती गेली कुठे? कारण ती यायची माझ्याकडे, आणि माझ्या खोलीतली छोटी खाट आठवड्यातले चार दिवस रिकामी पडलेली असते.

मी कान तपासते. इथे जन्मलेलं प्रत्येक मूल घरी जाण्याआधी मी त्याच्या कानात मऊ रबरी बोंडी बसवते. यंत्र बारीकसा आवाज आत सोडतं आणि कानाकडून उत्तर येतं का ते बघतं. उत्तर आलं तर घरी जा, सुखी राहा. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तरीही नाही आलं तर महिन्याभरानं परत बोलवायचं. यातल्या बऱ्याच मुलांच्या कानात नुसता जन्मावेळचा चिकटा असतो, तो आपोआप साफ होतो. काहींना मात्र खरंच ऐकू येत नसतं. ते तीन महिन्यांत कळलं आणि सहा महिन्यांच्या आत कानाला यंत्र लागलं, तर मूल चारचौघांसारखं बोलायला शिकण्याची चांगली आशा असते. उशीर झाला की प्रत्येक महिना त्याच्या बोलण्यातून वजा होत जातो. यात समजायला अवघड असं काही नाही. मूल परत आलं पाहिजे, बस.

पूर्वी मी स्वतःच्या हातानं कार्डावर तारीख लिहून द्यायचे. निम्म्या आया यायच्या, निम्म्या यायच्या नाहीत. का येत नाहीत हे शोधायला ‘पाठपुरावा सुधार समिती’ बसली. समिती म्हणजे काय, तर दोन बशा बिस्किटं आणि उपअधीक्षक. हे गृहस्थ अकरा समित्यांचे अध्यक्ष आहेत. घरी बायकोलाही आधी मागच्या भांडणाचं इतिवृत्त वाचून दाखवत असतील. पंच्याण्णव टक्के गाठायचेच असा ध्यास त्यांनी घेतला, तेव्हापासून आम्ही त्यांना मागे ‘पंच्याण्णव’च म्हणतो. न आलेल्या आयांपैकी एखादीला जाऊन विचारावं, बाई, का नाही आलीस, हे बारा जणांपैकी कुणाच्याही टाळक्यात आलं नाही. त्यात माझंही टाळकं होतं.

समितीनं ठरवलं, तारखा द्यायच्या नाहीत, बाहेर गर्दी होते. कार्डावर छापून घेतलं: ‘पुढील तपासणीसाठी आपणांस दूरध्वनी केला जाईल. बोलावल्याशिवाय येऊ नये.’ म्हणजे तारीख दिल्यावर न येणारे लोक तारीख न दिल्यावर धावत येणार होते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. आणि फोन करायला एक माणूस नेमला. निवृत्तीला आलेले, तिसऱ्या मजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसणारे, सगळे त्यांना फोनवाले काका म्हणतात. बैठक संपल्यावर मी थेट त्यांच्याकडे गेले.

“काका, सव्वा वर्षात चौऱ्याऐंशी मुलं परत यायला हवी होती. माझ्याकडे त्रेचाळीस आली. मग हे पंच्याण्णव टक्के आले कुठून?”

“बाई, तुम्ही चौऱ्याऐंशी धरून बसलात,” काका मायेनं म्हणाले. “एकोणचाळीस पालकांनी नकार दिला, ते वजा. उरली पंचेचाळीस. त्यातली दोघं गाव सोडून गेली, त्रेचाळीस आली. घ्या, झाले की नाही पंच्याण्णव?”

“नकार दिला म्हणजे? आया नाही म्हणाल्या?”

“नाही म्हणायला फोन उचलावा लागतो. तीन दिवस ओळीनं फोन केला, तिन्ही वेळा उचलला नाही, तर तो पालकांचा नकार. समितीचाच नियम आहे. तुम्ही होतात की बैठकीला.”

होते. बिस्किट खात होते. मी त्यांची वही मागून घेतली. सगळे फोन अकरा ते साडेअकराच्या दरम्यान केलेले. सव्वा वर्षात एकही फोन दुपारी नाही, एकही संध्याकाळी नाही.

“अकरालाच का?”

“बाहेरची लाइन तेवढाच वेळ आमच्याकडे असते. साडेअकराला ती भांडार विभागाकडे जाते.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी मी घरी जातो, बाई.” काकांना माझी कीव आली असावी. “आणि आपला नंबर समोर दिसत नाही, नुसतं ‘अनोळखी’ असं येतं. लोक तसले फोन उचलतच नाहीत. मीसुद्धा नाही उचलत.”

उंटावरून शेळ्या हाकणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. पण शेळ्या दिसेनाशा झाल्या की त्यांनी राजीनामा दिला असं लिहून ठेवणारे हे पहिलेच. काकांनी कपाटातून नकारपत्रांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर टाकला. प्रत्येक पत्रावर दोन सह्या. एक काकांची. दुसरी ‘संबंधित तपासनीस’ यांची, म्हणजे माझी. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस पत्रांवर माझी सुबक, वळणदार सही होती. कधी केल्या तेही मला आठवलं. तीन-चार महिन्यांनी एकदा शिपाई गठ्ठा आणून ठेवायचा आणि मी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंशी गप्पा मारत पानं उलटत सह्या ठोकायचे. मला माझा असा राग आला, की क्षणभर उपअधीक्षकांचा विसर पडला.

यादी पिशवीत टाकून मी घरी नेली. संध्याकाळी सहा वाजता स्वतःच्या फोनवरून पहिला नंबर लावला. पहिल्या अकरापैकी आठ जणींनी फोन उचलला. एक शाळेत शिकवते, अकराला वर्गावर असते. एक दुकानात गल्ल्यावर बसते. एकीनं कार्डावरचं वाचून दाखवलं, “बोलावल्याशिवाय येऊ नये,” आणि वर विचारलं, “मग आम्ही काय करायचं होतं?” आठांपैकी एकीनंही नकार दिलेला नव्हता. आठहीजणींनी सोमवारी येते म्हणून सांगितलं. नकार देणारी एकच बाई सापडली, ती मी.

बारावा नंबर लावला. नाव वाचून मला काही आठवलं नाही.

“हॅलो, मी रुग्णालयातून बोलतेय. तुमच्या बाळाच्या कानांच्या तपासणीबद्दल.”

“अगंबाई, कानवाल्या ताई का?” पलीकडून आवाज आला. “आवाजावरून ओळखलं. मी चादरवाली. खालच्या लाँड्रीतली.”

ही बाई दर सोमवारी ट्रॉली घेऊन माझ्या खोलीत यायची. छोट्या खाटेवरची चादर काढायची, धुतलेली घालायची, कोपरे ओढून सारखे करायची. सहा वर्षं. मी तिला “अगं चादरवाली” अशी हाक मारायचे. तिच्या बाळाचे कान मीच तपासले असणार, तेव्हाही आईकडे बघितलं नसणार. तिला नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मग यादीतलं नाव वाचून काय डोंबल आठवणार?

“तुला फोन आले होते, अगं. तीन वेळा. तू उचलले नाहीस.”

“कधी?”

“अकरा वाजता.”

“अकराला मी खालीच असते की, ताई. सात ते तीन. फोन कपाटात कुलूप लावून ठेवावा लागतो, खाली न्यायला बंदी आहे. साहेबांची पाटी लावलीय दारावर.” ती जराशी हसली. “तुमच्याच मजल्यावरून फोन केला होता का? मग जिन्यातून हाक मारायची ना.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण तो कळसा दर सोमवारी येऊन आमच्याच चादरी बदलून जायचा, आणि आम्ही त्याच्या नावावर नकार मांडून टाळ्या पिटत होतो.

“बाळ किती महिन्यांचं आहे?” मी विचारलं.

“दहा. चिमी म्हणतो आम्ही तिला. सासूबाई म्हणतात, फार गुणी पोर आहे, घरात भांडी पडली तरी झोपमोड होत नाही.” मग म्हणाली, “ताई, मी एकदा तुम्हाला विचारलं होतं. चादर घालताना. मूल हाकेला कधी वळून बघतं म्हणून. तुम्ही म्हणालात, प्रत्येक मूल वेगळं असतं.”

मला ते आठवलं नाही. पण मी नक्की म्हणाले असणार. पाठ करून म्हणाले असणार, मान वर न करता.

“उद्या सकाळी तिला घेऊन ये. नऊ वाजता. पोटभर पाजून आण, झोपली पाहिजे.”

“बोलावताय ना? तर येते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. सासूनं नातीला खांद्यावर घेतलं होतं, नात अर्धवट पेंगलेली. चादरवालीनंच घातलेल्या चादरीवर आम्ही चिमीला ठेवलं. मी कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या, कानात बोंड्या बसवल्या आणि पडद्याकडे बघत बसले. आवाज कानात गेला की मेंदूकडून एक छोटीशी लाट उठते, ती पडद्यावर दिसते. चाळीस डेसिबलला, म्हणजे हळू बोलण्याएवढ्या आवाजाला, काही नाही. साठला काही नाही. सत्तरला काही नाही. ऐंशीवर एक अशक्त लाट उठली. दोन्ही कानांना तेच. मूल एवढं गाढ झोपलं होतं, की दुसऱ्या एखाद्या आईला त्याचं कौतुक वाटलं असतं. ही आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“ऐकू येत नाही ना?” तिनं विचारलं.

“अगदीच नाही असं नाही. फार मोठे आवाज थोडे पोचतात. दोन्ही कानांना यंत्र लावलं तर बरंच ऐकू येईल. मग शिकवावं लागेल, रोज, तुम्हा सगळ्यांना. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.”

“यंत्र कधी मिळेल?”

“कानाचा साचा आज घेतला, तर आठ दिवसांत. यंत्रं आपल्याच भांडारात पडून आहेत.”

सासूबाईंनी चिमीच्या कपाळावरचा चिकटपणा ओल्या बोटानं पुसला आणि तिला पुन्हा खांद्यावर घेतलं.

पण साचा घ्यायला फाइल उघडावी लागते, आणि संगणक फाइल उघडेना. पालकांचा नकार, प्रकरण बंद. बंद फाइलीवर यंत्र निघत नाही. ती उघडण्याचा अधिकार फक्त समितीच्या अध्यक्षांना. दोघींना बाकावर बसवून मी त्यांच्याकडे गेले. साहेब पंधरा दिवसांनी येणाऱ्या तपासणी पथकासाठी स्वागताच्या फुलांचा रंग ठरवत होते.

मी सगळं सांगितलं. फोन कसे झाले, आई कुठे होती, मूल किती महिन्यांचं आहे.

“फार वाईट झालं,” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं, साधारण चार सेकंद. “पण बघा मॅडम, एक नकार चुकीचा होता असं आपण लेखी दिलं, की पथक विचारणार, बाकीचे अडतीस कशावरून बरोबर? मग आपला आकडा राहतो कुठे?”

“आकडा राहू नयेच, सर. तो खोटा आहे. काल मी आठ जणींशी बोलले, एकीनंही नकार दिलेला नाही. आणि ही बाई तर तुमच्या पाटीमुळे फोन खाली नेऊ शकत नाही. त्या पाटीवर सही तुमची आहे.”

“ती संसर्ग नियंत्रण समिती. ही पाठपुरावा समिती. दोन्हींचा संबंध जोडू नका.”

दोन्हींचा अध्यक्ष माझ्यासमोर एकाच खुर्चीत बसला होता.

“दोन मार्ग आहेत,” साहेब म्हणाले. “चूकदुरुस्तीचा प्रस्ताव द्या, तो पुढच्या बैठकीत घेऊ. पथक येऊन गेल्यावर. दीड-दोन महिने धरा. नाहीतर हा अर्ज.” त्यांनी खणातून कागद काढला. त्यांच्या खणात प्रत्येक पापाला एक छापील अर्ज असतो. “आईनं लिहून द्यायचं, की मी आधी स्वतःच्या मर्जीनं नकार दिला होता, आता तो मागे घेते. फाइल आजच उघडेल. साचा आज घ्या. मुलाचं भलं झालं की नाही?”

हा कागद त्यांच्या तोंडावर फेकावा असं फार वाटलं. फेकला नाही. घेतला आणि बाहेर आले, आणि जिन्यात उभी राहून मनातल्या मनात लढाया करत बसले. मी प्रस्तावच देईन. पथकासमोर उभी राहीन. एकोणचाळीसही पत्रं टेबलावर आपटीन. सगळं वरिष्ठांना लिहीन. माझी छाती चांगली फुगली होती. मग मी बाकाकडे गेले आणि त्या मायलेकींना आणि सासूला हे दोन मार्ग सांगितले, आणि म्हटलं, “तुम्ही सही करू नका. खोटं का म्हणून लिहून द्यायचं? आपण लढू.”

चादरवालीनं माझं सगळं नीट ऐकून घेतलं.

“लढायला किती दिवस लागतील?”

“दोन महिने. कदाचित जास्त.”

“म्हणजे ती वर्षाची होईल.”

“हो.”

“तुमची लढाई तुम्ही करा, ताई. दोन महिने माझ्या पोरीचे जाणार. पेन द्या.”

तिनं अर्ज मांडीवर घेतला आणि अक्षर न् अक्षर वाचला. ‘माझ्या अपत्याच्या पुढील तपासणीस मी स्वखुशीने व पूर्ण विचारांती नकार दिला होता.’ हे वाक्य तिनं सासूला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, “कर सही. मेले ते, लिहू देत काय लिहायचं ते.” तिनं सही केली. संपूर्ण नाव लिहिलं, स्पष्ट, एकेक अक्षर वेगळं. अर्धा तास लागला फाइल उघडायला. मी चिमीच्या कानात गुलाबी लगदा भरला, तो घट्ट होईपर्यंत तिचं डोकं धरून ठेवलं. दोन्ही साचे डबीत घातले. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं हे एकच काम कुणाला उपयोगाचं होतं.

निघताना चादरवालीनं विचारलं, “माझ्यासारख्या किती आहेत?”

“अडतीस.”

“नावं आहेत?”

मी पिशवीतून यादी काढून दिली. तिनं बोट ठेवत ठेवत ती वाचली. मध्येच थांबली.

“ही आमच्या इस्त्रीवरची.” बोट खाली सरकलं. “ही स्वयंपाकघरात भांडी घासते. आणि ही जिने पुसते. हाच जिना, तुमचा.”

“आणखी कुणी?”

“मी काय सगळं इस्पितळ ओळखते का? तुम्ही शोधा की थोडं.” यादी तिनं परत दिली नाही, हातातच ठेवली. “चला. दीड वाजलाय, इस्त्रीवाली तीनपर्यंत आहे. तुम्ही खाली कधी आला नसाल.”

नव्हते आले. बारा वर्षं मी या इमारतीत ऐकू न येणारी मुलं शोधतेय आणि तळघरात कधी उतरले नव्हते. दारावर साहेबांची पाटी होती, तिच्या शेजारी कुलूपबंद कपाटांची रांग. आत एवढी यंत्रं फिरत होती, की फोन नेऊ दिला असता तरी वाजलेला कळला नसता. चादरवालीनं लांबूनच हात हलवला. कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुण बाई गणवेशांना इस्त्री करत होती. तिनं मला पाहिलं, ओळखलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि पदराला हात पुसत लगबगीनं पुढे आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

“आला का आमचा नंबर?” ती ओरडून म्हणाली. “घरचे रोज म्हणायचे, वर जाऊन विचार. मी म्हटलं, कार्डावर लिहिलंय ना, बोलावल्याशिवाय जायचं नाही. विसरायचे नाहीत ते.”

“बाळ किती महिन्यांचं आहे?” मीही ओरडूनच विचारलं.

“परवा चौदा पूर्ण,” ती म्हणाली.